इंजिन बदलतं, फ्रेम खरं सांगते : घरातली अनोळखी जुनी मिनीबाइक कशी ओळखाल?

ओळखीतल्या एका घरात अब्बांचं इंतेकाल झाल्यावर मागच्या पत्र्याच्या शेडची साफसफाई निघाली. ताडपत्रीखाली एक बुटकी मोटरसायकल होती. चाकं लहान, सीट गुडघ्याएवढ्या उंचीवर, टाकीवर नाव नाही, नंबरप्लेट नाही. भंगारवाल्याने किलोच्या भावाने दोन हजार सांगितले. मोबाइलवर फोटो बघून मामेभाऊ म्हणाला, "थांबा, ही बॉबी आहे! लाखाच्या खाली देऊ नका." घरात अम्मी, दोन भाऊ आणि तीन बहिणी. एकाला वाटलं, लवकर विकून मोकळं व्हावं. दुसऱ्याला वाटलं, आपल्याला फसवलं जातंय. मग त्यांनी आम्हाला बोलावलं.

अशा वेळी पहिला प्रश्न किमतीचा नसतो. गाडी नेमकी कोणती आहे, हा असतो. ते कळल्याशिवाय किंमत ठरत नाही, कागद निघत नाहीत आणि वारसांचा हिस्साही नीट वाटता येत नाही. टाकी, दिवा, सीट, अगदी इंजिनसुद्धा पन्नास वर्षांत दहा वेळा बदललेलं असू शकतं. सहसा बदलत नाही ती फ्रेम. म्हणून ओळख फ्रेमपासून सुरू करायची. ती कशी, ते या लेखात सांगतो.

मिनीबाइक म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे कुठल्याही बुटक्या गाडीला मिनीबाइक म्हणतात, पण त्यात चार वेगवेगळ्या जाती आहेत.

पहिली अमेरिकन. तिथे 1960 च्या दशकाच्या शेवटी आणि 1970 च्या दशकात मुलांसाठी अशा गाड्यांची लाट आली होती. सरळ पाइपची फ्रेम, गवत कापायच्या यंत्राला असतं तसलं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन किंवा टेकमसे कंपनीचं इंजिन, आणि वेग वाढला की आपोआप पकडणारा क्लच. रप, बोनान्झा अशी त्यातली नावं. या रस्त्यासाठी नव्हत्याच, अंगणात आणि शेतात फिरवायच्या होत्या.

दुसरी जपानी. होंडाने 1961 मध्ये तोक्योजवळच्या टामा टेक या आपल्या करमणूक उद्यानासाठी एक छोटी गाडी बनवली. तिच्यावर बसलेला माणूस माकडासारखा दिसतो म्हणून पुढे तिचं नाव 'मंकी' पडलं. नंतर तिच्या रस्त्यावर चालणाऱ्या आवृत्त्या जगभर गेल्या.

तिसरी आपली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत जीटीएस 175. राज कपूर यांच्या 1973 च्या 'बॉबी' चित्रपटात नायक ती चालवतो, म्हणून लोकांनी गाडीलाच बॉबी म्हणायला सुरुवात केली. या चित्रपटाची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची होती आणि पटकथेत त्यांच्यासोबत व्ही. पी. साठे होते. पेडल असलेल्या लूना, सुवेगा या मोपेड वेगळ्या, पण पेडल काढून टाकलेली मोपेडही पुष्कळदा 'मिनीबाइक' म्हणून विकली जाते.

चौथी जात कारखान्याची नाहीच. एखाद्या मिस्त्रीने पाइप कापून, वेल्डिंग करून घरी बनवलेली. आपल्या वस्त्यांमध्ये गॅरेज आणि वेल्डिंगचं काम करणारे हात पुष्कळ, त्यामुळे ही शक्यता कधीच सोडू नये.

आधी हात आवरा

जुनी गाडी सापडली की पोरं लगेच ग्राइंडर आणि रंगाचा डबा घेऊन बसतात. तसं करू नका. खरा पुरावा त्या गंजात आणि जुन्या रंगातच असतो. धूळ झटका, ऑईलचा थर रॉकेल आणि मऊ ब्रशने काढा, बास. मग उजेडात फोटो काढा : दोन्ही बाजू, समोर, मागे, आणि गाडी आडवी ठेवून खालून. प्रत्येक सांध्याचा जवळून फोटो. शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे फोटो बघणाऱ्याला मापाचा अंदाज येतो.

फ्रेम वाचायची सहा ठिकाणं

*1. मान.* हँडलचा दांडा ज्या जाड नळीतून जातो, जिथे कोनसेट बसतो, ती फ्रेमची मान. बहुतेक मोटरसायकलींचा चेसिस नंबर याच नळीवर ठोकलेला असतो, किंवा रिव्हेट मारलेली पट्टी असते. पट्टी नसेल तर रिव्हेटची भोकं शोधा. भोकं असतील तर कारखान्याची पट्टी तिथे होती, कुणीतरी काढली, एवढं तरी कळतं. होंडाच्या छोट्या गाड्यांवर नंबराच्या सुरुवातीलाच मॉडेलचं नाव येतं, उदाहरणार्थ झेड50ए किंवा सीटी70. तिथे तर गाडी स्वतःच नाव सांगते. उलट पुष्कळ अमेरिकन मिनीबाइकना रस्त्यावरची नोंदणीच नव्हती, म्हणून फ्रेमवर कामाचा नंबर मिळेलच असं नाही. तिथे आकारावरूनच ओळखावं लागतं.

*2. पाइप की पत्रा?* फ्रेम गोल पाइपची आहे की दाबून घडवलेल्या पत्र्याची? हा फरक समजायला घरातली स्कूटर आठवा. व्हेस्पा आणि बजाज चेतक यांचा पत्राच सांगाडा असतो, आत वेगळी फ्रेम नाही. लॅम्ब्रेटामध्ये आत पाइपची फ्रेम आणि वरून बोल्टने बसवलेले पत्रे. तसंच इथे. 1969 मध्ये आलेल्या होंडा सीटी70 म्हणजे 'डॅक्स' हिची फ्रेम दाबलेल्या पत्र्याची, जाड, एकसंध. मंकीची पाइपची. पत्र्याची फ्रेम घडवायला मोठा प्रेस लागतो, तो गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये नसतो. म्हणून फ्रेम नीट दाबलेल्या पत्र्याची असेल, तर ती कारखान्यातूनच आलेली आहे.

*3. इंजिन कशावर बसतं?* हे सगळ्यात बोलकं ठिकाण. अमेरिकन मिनीबाइकमध्ये पाइपांच्या मध्ये एक सपाट प्लेट असते, तिला चार लांबट भोकं, आणि त्यावर इंजिन पाटावर ठेवल्यासारखं बसतं. मोटरसायकलचं इंजिन फ्रेमला वेल्ड केलेल्या कानांमध्ये बोल्टने अडकवलेलं असतं. सपाट प्लेटवर मोटरसायकलचं इंजिन जुगाड करून बसवलेलं दिसलं, तर इंजिन नंतरचं. मोठ्या कानांमध्ये छोटं इंजिन जास्तीच्या पट्ट्या लावून बसवलं असेल, तरी तेच.

*4. मागचा भाग.* मागे चिमटा आणि शॉकअप आहेत, की चाक सरळ फ्रेमलाच बसवलंय? यावरून साल जवळपास ठरतं. होंडाच्या झेड50ए या मॉडेलला सुरुवातीला मागे शॉकअप नव्हते, 1972 च्या आवृत्तीत आले. म्हणजे कुणी "1969 ची मंकी" म्हणत असेल आणि मागे मूळचे शॉकअप असतील, तर दावा तिथेच पडला. चाकाचं मापही इथेच घ्या. 1967 च्या झेड50एम ची चाकं 5 इंची, झेड50ए ची 8 इंची, डॅक्सची 10 इंची.

*5. वेल्डिंग.* कारखान्यात फ्रेम साच्यात पकडून जोडतात, म्हणून डावा आणि उजवा सांधा एकसारखा येतो. घरच्या कामात डावीकडचा सांधा थोडा पुढे, उजवीकडचा मागे असं होतं. पाइपच्या मधोमध, जिथे सांध्याची गरजच नाही, तिथे वेल्डिंगची कडा लागली, तर फ्रेम कधीतरी कापली गेलीय. अपघातानंतर दुरुस्तीसाठी, लांबी कमी करण्यासाठी, किंवा दोन गाड्यांची एक करण्यासाठी. शेवटचं कारण कायद्याच्या दृष्टीने गंभीर आहे. बोट फिरवून बघा. रंगाखाली न दिसणारी कडा बोटाला लागते.

*6. माप.* पाइपभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि 3.14 ने भागा. उत्तर 25.4 च्या आसपास आलं तर एक इंची पाइप, म्हणजे अमेरिकन किंवा ब्रिटिश वळण. बरोबर 25 आलं तर मेट्रिक. दोऱ्याने एवढा बारीक फरक कळायला हात स्थिर हवा, व्हर्नियर मिळाला तर उत्तम. नट-बोल्टही तेच सांगतात. 13 चा पाना थोडा सैल फिरत असेल आणि अर्ध्या इंचाचा घट्ट बसत असेल, तर नट इंची मापाचा आहे.

ही सहाही ठिकाणं एकमेकांशी जुळली पाहिजेत. पाच एक बोलतात आणि सहावं भलतंच, तर त्या सहाव्यावर बोट ठेवून विचारा : इथे काय झालं होतं?

इंजिन शेवटी बघा

इंजिन बघायचं, पण साक्षीदार म्हणून. निकाल त्याच्यावर ठेवायचा नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. कोडचे पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन तारीख. 720315 ने सुरू होणारा कोड म्हणजे 15 मार्च 1972 ला बनलेलं इंजिन. पण ही इंजिनाची जन्मतारीख झाली, गाडीची नव्हे. बाजारातून आणलेलं इंजिन जुन्या फ्रेमवर कुणीही बसवू शकतो.

आपल्याकडे हा घोळ राजदूतमुळे जास्त होतो. साध्या राजदूत 175 ला आणि जीटीएसला एकाच घराण्यातलं 173 सीसीचं, एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. म्हणून फक्त इंजिन बघून "ही बॉबीच" म्हणणारा चुकू शकतो.

नंबर ही अमानत आहे

नंबर पुसट असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासा. आरटीओच्या फॉर्मवर चेसिस नंबरचा ठसा असाच घेतात. रंगाखाली दडला असेल तर रंग काढायचं द्रव लावून कापडाने पुसा. तारेचा ब्रश ड्रिलला लावून फिरवू नका, त्याने अक्षरं जातात.

नंबर किती अक्षरांचा आहे हेही बघा. 1960-70 च्या दशकातले नंबर छोटे असत. 17 अक्षर-आकड्यांचा नंबर ही नंतरची जागतिक पद्धत, आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. पहिलं अक्षर देशाकडे बोट दाखवतं : जे म्हणजे जपान, एल म्हणजे चीन, आणि एमए ते एमई म्हणजे भारत. जुन्या मंकीच्या चिनी नकला आज पुष्कळ आहेत. "1968 ची मूळ जपानी" म्हणून दाखवलेल्या गाडीवर एल ने सुरू होणारा 17 अक्षरी नंबर असेल, तर विक्रेत्याला सलाम करून परत फिरा.

मानेवर नंबराच्या जागी ग्राइंडरचे ओरखडे असतील, तर मात्र तिथेच थांबा. नंबर ठोकताना खालचं लोखंडही दाबलं जातं, त्यामुळे वरचा थर घासून काढला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल वापरून तो पुष्कळदा परत दिसतो. ज्याने घासला, त्याने नंबर संपवला नाही, संशय तेवढा वाढवला. अशी गाडी घेऊ नका. घरात सापडली तर पोलिसांना लेखी कळवा. आणि कुणी "नवा नंबर ठोकून देतो" म्हणाला, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. ती गाडी कुणाची तरी चोरीला गेलेली असू शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं कायद्याने गुन्हा आहे आणि दीनमध्येही हराम.

कागद, वारसा आणि आरटीओ

फ्रेमचा नंबर हातात आला की कागद शोधा. जुन्या पेटीत, कपाटाच्या तळाशी, विम्याच्या पावत्यांमध्ये. जुन्या नंबरप्लेटचा फोटो मिळाला तरी उपयोग होतो. 1989 च्या आधी आपल्या पाट्यांवर आजची एमएच पद्धत नव्हती, तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत, आणि त्या अक्षरांवरून जिल्हा कळत असे. ऑनलाइन वाहन प्रणालीत जुनी नोंद दिसली नाही म्हणून ती नाहीच असं समजू नका. जुन्या रजिस्टरमध्ये असेल तर आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घेता येते.

मालक वारले असतील, तर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि नावावर करून घ्यायला फॉर्म 31 भरायचा असतो. उशीर झाला असेल तरी जा. दंड भरावा लागला तरी चालेल, बेवारस गाडी दारात ठेवण्यापेक्षा ते बरं.

गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर 2021 च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर नेता येते. रोज बाजाराला नेता येत नाही. आणि मूळ रूप ही अट आहे. कापून जोडलेल्या फ्रेमला हा दरवाजा बंद.

त्या शेडमधल्या गाडीचं काय झालं?

इंजिनाच्या कव्हरवर राजदूतचं नाव होतं, म्हणून मामेभावाचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. मानेवरचा नंबर रॉकेलने पुसल्यावर वाचता आला. पण सीटखाली हात घातला तेव्हा दोन्ही पाइपांवर वेल्डिंगची कडा लागली, आणि उजवीकडची डावीपेक्षा बोटभर पुढे होती. कारखाना असं करत नाही. मागची चाकाची बैठकही दुसऱ्याच गाडीची, कापून आणलेली. पेटीत आरसी बुक सापडलं. नंबर जुळला, नाव अब्बांचं, मॉडेल साधी राजदूत 175.

मोठ्या फुफींना फोन लावला तेव्हा उलगडा झाला. सिनेमा आल्यावर मोठ्या मुलाने बॉबीचा हट्ट धरला होता. नवी गाडी घेणं परवडणारं नव्हतं. अब्बा वेल्डिंगचं काम करायचे. अपघातात मागून चेपलेली स्वतःची राजदूत त्यांनी रात्री बसून कापली आणि छोटी करून दिली. मोठा भाऊ हे ऐकून बराच वेळ काही बोलला नाही. त्याला फक्त लाल रंग आठवत होता.

म्हणजे बॉबी नव्हती. लाखाचा हिशेब संपला. पण भंगारही नव्हतं. जुन्या गाड्यांची जाण असलेल्या दोन मिस्त्रींना सगळं खरं सांगून किंमत विचारली, आणि इंजिन व सुट्या भागांचा हिशेब धरून सोळा हजार ठरले. अब्बांवर कर्ज नव्हतं, वसीयत नव्हती, त्यांचे आईवडील हयात नव्हते. मग वाटणी सरळ होती. अम्मीचा आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. दोन मुलं आणि तीन मुली म्हटल्यावर बरोबर आठ वाटे पडले, प्रत्येकी दोन हजारांचे. गाडी धाकट्याने ठेवली. त्याने अम्मीला दोन हजार, तिन्ही बहिणींना दोन-दोन हजार आणि मोठ्या भावाला चार हजार दिले. "एवढ्याशा रकमेचं काय घेऊन बसलास" असं एक बहीण म्हणाली. तरी त्याने तिच्या हातात पैसे ठेवले. बहिणींचा हिस्सा रक्कम छोटी म्हणून रद्द होत नसतो. आधी हातात द्यावा, मग तिने खुशीने माफ केला तर तो तिचा हक्क.

फ्रेममध्ये असा बदल केलेली गाडी आरटीओच्या परवानगीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून ती अंगणातच राहिली. अब्बांच्या निधनाची लेखी माहिती मात्र आरटीओला दिली.

विकणाऱ्यांना दोन शब्द

आपल्यातले पुष्कळ जण जुन्या गाड्यांच्या धंद्यात आहेत, म्हणून हे सांगायचं. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एकदा बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. मग ते वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं, आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानायला नकार दिला.

नव्या रंगाखालची वेल्डिंगची कडा म्हणजे तेच ओलं धान्य. ती गिऱ्हाइकाचं बोट धरून दाखवा. "फ्रेम कापलेली आहे, इंजिन दुसरं आहे, नंबर आणि कागद हे बघा," एवढं सांगून जी किंमत येईल ती घ्या. ती थोडी कमी असेल, पण रात्री झोप लागेल आणि तोच गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याला घेऊन येईल, इन्शाअल्लाह.

आणि घरात अशी एखादी अनोळखी गाडी पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक सुट्टीचा दिवस काढा. मानेपासून मागच्या चाकापर्यंत बोट फिरवा, नंबराचा ठसा घ्या, आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा, "ही कुठून आली?" निम्मं उत्तर लोखंड देईल, निम्मं ते देतील.